नवस देवाला, चेक कुणाला?

पत्र:

ताई, सप्रेम सलाम.

आम्ही मूळचे नगरचे. आता टेक्ससमध्ये, डॅलसजवळ राहतो. बाबा गेल्यावर आईला इकडे आणलं. आई मिशन हॉस्पिटलमध्ये नर्स होती. आम्ही कामावर आणि मुलं शाळेत गेली की ती दिवसभर घरात एकटीच असते आणि टीव्हीवर एका प्रचारकाचा कार्यक्रम बघते. तो सांगतो, ‘बी पेरा’, म्हणजे त्याच्या सेवेला पैसे पाठवा, देव शंभरपट परत देईल. जानेवारीत माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. तेव्हापासून आई दर महिन्याला पैसे पाठवते आहे, हे मला तिच्या बँकेच्या स्टेटमेंटवरून कळलं. पैसे तिचेच आहेत, तिची ग्रॅच्युइटी आणि बाबांनी ठेवलेले. आता तिने एक हजार डॉलरचा नवस केला आहे. चारशे गेले, सहाशे बाकी आहेत. मी चिडून नको ते बोलले. ती म्हणाली, ‘देवाला दिलेला शब्द मी मोडणार नाही. आणि माझ्या विश्वासाच्या मध्ये तू येऊ नकोस.’ तेव्हापासून घरात कामापुरतंच बोलणं आहे. नवरा म्हणतो, ते चॅनेलच बंद करून टाकू. त्या माणसावर तक्रार करता येईल का? पैसे परत मिळतील का? आणि आईशी कसं बोलू?

— एक लेक, टेक्सस

उत्तर:

तुम्हालाही सलाम.

प्रचारकाचं नाव तुम्ही कळवलं आहे, पण ते मी छापत नाही. हा धंदा एका माणसाचा नाही. तुमच्या आईंनी उद्या चॅनेल बदललं तर हेच बोलणारा दुसरा कुणीतरी भेटेल.

चॅनेल बंद करू नका, हे सगळ्यात आधी. दिवसभर रिकाम्या घरात बसलेल्या बाईशी बोलणारा तो एकच आवाज आहे. तो बंद केलात तर त्याच्या जागी तुम्ही काय ठेवणार? शिवाय ‘घरचेच लोक तुमच्या विश्वासाला विरोध करतील’ हे या मंडळींनी आधीच सांगून ठेवलेलं असतं. रिमोट काढून घेतलात की त्यांचं भाकीत तुम्हीच खरं केलंत.

आता कोरडे प्रश्न उरकते. पैसे परत मिळतील का? बहुधा नाही. एकदा दिलेलं दान दिलेलंच असतं. संस्थेला लेखी विनंती करून बघा, एखादी संस्था कटकट नको म्हणून परत करतेही, पण हक्काने मागता येतील असं धरून चालू नका. तक्रार टेक्ससच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे करता येते. ती जरूर करा, पण फार आशा ठेवू नका. 1944 साली बॅलर्ड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की एखाद्याची धर्मश्रद्धा खरी की खोटी हे ज्युरीने ठरवायचं नाही. बोलणारा स्वतः ते मनापासून मानत होता का, एवढाच प्रश्न कोर्टापुढे येऊ शकतो. ‘देव शंभरपट देईल’ हे खोटं आहे असं कोर्टात सिद्ध करायला साक्षीला कोणाला बोलावणार?

जिम बेकर हा टीव्ही-प्रचारक अडकला तो देवामुळे नाही, हॉटेलमुळे. साऊथ कॅरोलिनात त्याने ‘हेरिटेज यूएसए’ नावाची धार्मिक सुट्टीनगरी काढली होती. 1,000 डॉलर द्या आणि दरवर्षी तीन रात्री इथे राहा, जन्मभर, असं टीव्हीवरून सांगून त्याने हजारो भागीदाऱ्या विकल्या. तेवढ्या लोकांना पुरतील इतक्या खोल्या तिथे कधी बांधल्याच गेल्या नाहीत. 1989 साली फसवणुकीच्या आरोपांवर तो दोषी ठरला, 45 वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती कमी होऊन 1994 साली सुटला. खोल्या मोजता येतात म्हणून खटला उभा राहिला. तुमच्या प्रचारकाने खोली विकलेली नाही, नुसता आशीर्वाद विकला आहे.

हिशेबाचंही तसंच. इथल्या इतर धर्मादाय संस्थांना दरवर्षी आपला जमाखर्च सरकारकडे भरावा लागतो आणि तो कुणालाही बघता येतो. चर्च म्हणून मान्यता असली की हे बंधन नाही. सिनेटर चक ग्रासली यांनी 2007 मध्ये अशा सहा बड्या टीव्ही-प्रचारकांकडे हिशेब मागितला. दोघांनी नीट सहकार्य केलं, बाकीच्यांनी अपुरी माहिती दिली किंवा दिलीच नाही. 2011 च्या सुरुवातीला अहवाल आला आणि कोणालाही दंड न होता प्रकरण मिटलं. म्हणून सरकारच्या भरवशावर राहू नका. जे करायचं ते तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरच करावं लागेल.

आता खरा प्रश्न. तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. जावयाची नोकरी गेली ‘तेव्हापासून’ आई पैसे पाठवू लागल्या. त्यांना स्वतःला श्रीमंत व्हायचं नाही, त्या तुमच्यासाठी पेरताहेत. घरात सगळ्यांना घोर लागलेला दिसतो आहे, इंग्रजी मुलाखती, रेझ्युमे, व्हिसा यातलं त्यांना काही करता येत नाही, करता येण्यासारखं एकच काम टीव्हीवरचा माणूस सांगतो आहे. त्यावर तुम्ही ‘एवढं कसं कळत नाही तुला’ अशा अर्थाचं काही बोलला असाल, तर त्यांना किती लागलं असेल बघा.

दुसरं, त्यांना टपालाने काय काय येतं ते पाहिलंत का? या धंद्याचा अर्धा भाग टीव्हीवर असतो, उरलेला अर्धा टपालात. एकदा पत्ता गेला की पाकिटं सुरू होतात. आत आईंचं नाव घालून छापलेलं पत्र, अभिषेकाच्या तेलाची पुडी नाहीतर कापडाचा तुकडा, प्रार्थना-विनंती लिहायचा कोरा कागद आणि पैशांसाठी परतीचं पाकीट. एका तारखेच्या आत पाठवा, असंही लिहिलेलं असतं. नाव कॉम्प्युटर घालतो, पण आईंना ते पत्र एका देवमाणसाने आपल्याला लिहिलंय असं वाटतं. त्या कोऱ्या कागदावर त्यांनी तुमच्या नवऱ्याचं नाव लिहिलं असेल, नातवंडांची नावं लिहिली असतील. कुणीतरी ती वाचून, हात ठेवून प्रार्थना करतं आहे या विश्वासासाठी त्या पैसे देताहेत. शंभरपट परतावा हे त्या पत्रातलं मोठ्या अक्षरांतलं वाक्य असेल, पण आई त्यासाठी थांबल्या असतील असं मला वाटत नाही.

याच कागदांची एक गोष्ट तुमच्या डॅलसचीच आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट टिल्टन हा प्रचारक तिथून देशभर दिसायचा. 1,000 डॉलरचा नवस करा हे त्याचं पालुपद, आणि वर्षाला सुमारे 8 कोटी डॉलर मिळतात असा अंदाज होता. नोव्हेंबर 1991 मध्ये एबीसी वाहिनीने, डॅलसच्याच ट्रिनिटी फाउंडेशन या ख्रिस्ती संस्थेच्या ओल अँथनी यांच्या मदतीने, त्या पत्रांचा माग काढला. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात कचऱ्याच्या पेट्यांत हजारो प्रार्थना-विनंत्या सापडल्या. पाकिटातले पैसे आणि चेक काढून घेतलेले होते. टिल्टनने आरोप फेटाळले. आपण त्या कागदांवर इतका वेळ पडून प्रार्थना केली की शाईतली रसायनं अंगात भिनून आपल्याला पक्षाघाताचे छोटे झटके आले, असंही तो म्हणाला. 1993 पर्यंत कार्यक्रम बंद पडला, काही वर्षांत तो पुन्हा पडद्यावर आलाच.

ही गोष्ट आईंना सांगा, पण भांडणात नको. शांतपणे विचारा, ‘आई, तू लिहिलेला कागद कोण वाचतं, हे आपण त्यांना पत्र लिहून विचारूया का?’ खरंच लिहा. सोबत मागच्या वर्षाचा तपासलेला हिशेब मागा. बहुतेक उत्तरादाखल आणखी एक पाकीट येईल. ते आईंनाच उघडू द्या. इतकी वर्षं वॉर्डात कोण खरं दुखतंय म्हणून विव्हळतं आणि कोण नाही, हे ओळखलेली बाई आहे ती. पुरावा समोर आला तर तिला शिकवावं लागणार नाही.

विमानांचा विषय मात्र काढू नका. तुमच्या वयाच्या माणसाला तोच पहिला आठवतो. क्रेफ्लो डॉलर या अटलांटाजवळच्या प्रचारकाने 2015 साली साडेसहा कोटी डॉलरच्या जेट विमानासाठी दोन लाख लोकांकडून प्रत्येकी 300 डॉलर मागितले. लुइझियानाच्या जेसी डुप्लांटिसने 2018 मध्ये 5 कोटी 40 लाखांचं विमान हवं म्हणून सांगितलं, तेही आधीची विमानं असताना. आपल्याला हे ऐकून संताप येतो. ऐकणाऱ्या भक्ताचं गणित मात्र उलटं असतं. प्रचारकाला विमान मिळालं म्हणजे बी उगवतं, याचा तो पुरावाच. तुम्ही विमान दाखवलंत की त्याची फुकटात जाहिरात झाली.

बोलायचं तर आईंच्या शास्त्रातूनच बोला. तुम्ही ख्रिस्ती घरातल्या आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं जमेल. मी मिशन शाळेत शिकलेली, नुसती वाचक. शंभरपटीचं वचन बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातलं, 29 आणि 30 या ओव्यांतलं. ते आईंना अख्खं वाचायला सांगा. तिथे शंभरपट काय मिळणार आहे? घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, आणि ‘छळणुकीबरोबर’. शंभर आया कोणत्या खात्यात जमा होणार? सगळं सोडून शिष्याच्या वाटेने निघालेल्याला नवी माणसं मिळतील, असा तो दिलासा आहे. टीव्हीवर यातली ‘शंभर’ ही संख्या तेवढी उचलली जाते आणि छळणूक गाळली जाते.

पेरणीचं वचनही तसंच, करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायातलं. जो सढळ हाताने पेरतो तो तशीच कापणी करील, हे खरंच तिथे आहे. पण हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल ते पैसे कुणासाठी गोळा करत होता? यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी, स्वतःच्या प्रवासखर्चासाठी नव्हे. लगेच पुढच्याच ओवीत, दुःखी मनाने किंवा भाग पडतं म्हणून देऊ नका, असंही आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात तर फारच कामाची गोष्ट आहे. पैसे नेताना कुणी बोट ठेवू नये म्हणून पौलाने आपला सहकारी तीत याच्यासोबत मंडळ्यांनी, म्हणजे चर्चनी, निवडलेला माणूस दिला. देवासमोरच नाही, माणसांसमोरही चोख असावं, हे कारण त्याने लिहून ठेवलं आहे. पौलाला हिशेबाची एवढी काळजी होती, मग हिशेब मागणारी लेक अविश्वासी कशी?

आणि आईंना केडगावचं मुक्ती मिशन काढणाऱ्या पंडिता रमाबाईंची आठवण करून द्या. रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेत आल्या. 1887 साली बॉस्टनला त्यांच्या कामासाठी असोसिएशन निघालं, गावोगावच्या मंडळांनी दहा वर्षं दरसाल मदत द्यायचं कबूल केलं आणि त्या पैशांतून 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू झालं. असोसिएशन वर्षाच्या वर्षाला अहवाल छापायचं, खजिनदाराच्या हिशेबासकट. देणाऱ्या अमेरिकन बायकांना परतावा काय मिळणार होता? कधी न पाहिलेल्या देशातली एखादी विधवा लिहा-वाचायला शिकेल, एवढाच. आज तुमच्या दारात पाकिटं टाकणारा देश तोच आहे, म्हणून हे आईंच्या कानावर घाला.

आपलं कुणाला पटत नसेल तेव्हा आतल्या माणसाचं ऐकवावं. तुरुंगात बायबल सलग वाचल्यावर आपली संपत्तीची शिकवण चुकीची होती, असं जिम बेकरने 1996 साली स्वतः लिहून प्रसिद्ध केलं. बेनी हिन या प्रचारकाचं नाव आईंना नक्की माहीत असेल, भारतातही त्याच्या मोठ्या सभा झाल्या आहेत. 2019 मध्ये तो म्हणाला की अमुक इतक्या डॉलरचं बी पेरा, असं मी यापुढे सांगणार नाही. त्याचा पुतण्या कॉस्टी हिन तर या शिकवणीविरुद्ध उघड बोलतो. विमानवाल्या क्रेफ्लो डॉलरनेही 2022 मध्ये मंडळीसमोर सांगितलं की दशांशाबद्दल, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा मंडळीला देण्याबद्दल, मी जे शिकवलं ते बरोबर नव्हतं, माझी ती पुस्तकं टाकून द्या. यातलं कोण किती पाळतं तो भाग वेगळा. एकदा तोंडातून आलेलं आहे आणि व्हिडिओ आहेत. एक आईंसोबत बसून बघा. बघताना तुम्ही काही बोलू नका.

(हे वाचताना ज्या वाचकांना ‘ख्रिस्ती लोकांचं हे असंच’ असं वाटत असेल त्यांनी 2012 सालची हिंदी चॅनेलं आठवावीत. उत्पन्नाचा दहावा हिस्सा ‘दसवंद’ म्हणून बँक खात्यात भरा, कृपा सुरू होईल, असं सांगणाऱ्या बाबांच्या कार्यक्रमांसमोर आपल्यातल्याही किती घरांतले टीव्ही लागलेले असायचे.)

आता नवसाचं, कारण गाडी तिथेच अडली आहे. ‘देवाला शब्द दिलाय’ यावर ‘काही होत नाही गं’ असं म्हणू नका. बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकात नवस केला तर फेडायला उशीर करू नको असं स्पष्ट आहे आणि आईंना ते पाठ असणार. तुमचा मुद्दा वेगळा हवा. शब्द देवाला दिला आहे ना, मग तो देवाचाच फेडा. तो एका टपालपेटीच्या पत्त्यावर फेडला पाहिजे असं देव म्हणाला नाही, ते प्रचारक म्हणाला. शिवाय बायबलमधल्याच ‘लेवीय’ या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात एक सोय आहे, फार कुणाच्या लक्षात नसते. नवस करणाऱ्याची तेवढी ऐपत नसेल तर याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे रक्कम ठरवावी. म्हणजे इथे ठरवायचा अधिकार तुमचा नाही, माझा नाही आणि टीव्हीवाल्याचा तर नाहीच. नगरच्या तुमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांना फोन लावा, त्यांना सगळं आधी सांगून ठेवा आणि आईंना त्यांच्याशी एकटीने बोलू द्या. उरलेले सहाशे कमी करायचे की आहेत तेवढेच द्यायचे, ते दोघांनी ठरवावं. जिथे आईंनी नोकरी केली त्या हॉस्पिटलच्या गरीब पेशंटच्या खर्चाला ते गेले तर त्यांना ओळखीच्या वॉर्डातून पोचपावती येईल. सहाशे डॉलर जातील, तर जाऊ द्या. पैसे वाचवणं हा तुमचा हेतू आहे असं त्यांना वाटलं की सगळं फिसकटलं.

बँकेचं काम मात्र या आठवड्यातच करा आणि आईंना सांगून करा. दर महिन्याला खात्यातून आपोआप रक्कम जाते का ते बघा. जात असेल तर पुढच्या तारखेच्या किमान तीन कामाचे दिवस आधी बँकेला थांबवायला सांगितलं की बँकेला थांबवावं लागतं. लेखी सांगा. डेबिट कार्डाचा नंबर त्या संस्थेकडे गेला असेल तर कार्ड बदलून घ्या. येणारी पाकिटं न उघडता त्यावर ‘रिफ्यूज्ड’ लिहून पोस्टमनकडे परत देता येतात, पण हे आईंच्या हातून व्हायला हवं. त्यांचं टपाल तुम्ही परस्पर परतवू नका, त्यांच्या सहीशिवाय खात्याला हात लावू नका. चेक लिहिणारी बाई शहाणी आणि सज्ञान आहे. एकटी पडली आहे म्हणून तिचे हक्क कमी होत नाहीत.

एकटेपणाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी लिहिते. डॅलसच्या परिसरात मराठी आणि इतर भारतीय ख्रिस्ती कुटुंबं आहेत, घरोघरी प्रार्थना होतात. आठवड्यातून एकदा आईंना तिथे नेऊन सोडा. टीव्हीवरचा माणूस त्यांच्या नावाने छापील पत्र पाठवतो. तिथे त्यांना नावाने हाक मारणारं कुणी असेल, आणि आजारी कुणी असेल तर त्यांच्या नर्सिंगचा उपयोगही होईल.

शेवटी तुमच्या नवऱ्यासाठी. चॅनेल बंद करायला निघालेल्या जावयाने आधी सासूबाईंपाशी बसावं. त्या गुपचूप कुणासाठी पेरत होत्या हे त्याला माहीत नसेल तर तुम्ही सांगा. नोकरीचं कुठवर आलं आहे, किती अर्ज गेले, पुढची मुलाखत कधी आहे, घर किती महिने चालेल, हे त्याने त्यांना मराठीत, काही न लपवता सांगावं. मग त्या मुलाखतीच्या दिवशी सकाळी, माझ्यासाठी प्रार्थना करा, असं त्यानेच त्यांना म्हणावं. त्या प्रार्थनेला चेक लागत नाही.